जेवणाच्या टेबलावर लाल सिग्नल

...नाही नाही, खालीच बसा हो, सतरंजी घातलीय ना! आता तुम्ही म्हणाल, अहो सुचित्राताई, घरात सहा खुर्च्यांचं सागवानी टेबल असताना पाहुण्यांना जमिनीवर का वाढताय? तुम्हाला सांगते, चार महिने झाले, त्या टेबलावर कुणी घास खाल्लेला नाही. टेबल आहे. पण त्यावर रेल्वे आहे!

झालं काय, आमची स्वरदा नऊ वर्षांची झाली आणि तिच्या बाबानं तिला खेळण्यातली गाडी आणली. इंजिन, चार डबे, गोल रूळ. खोक्यावर चक्क लिहिलेलं, अर्ध्या तासात जोडा! कुणीही जोडेल. पण हिचा बाबा पडला रेल्वेतला, तोही सिग्नलचा इंजिनियर. नाव धैर्यशील, पण धैर्य खर्च होतं माझं. मला म्हणतो, "सुचित्रा, गाडी छोटी असली तरी नियम मोठेच." आणि या माणसानं रूळ घालायच्या आधी काय करावं? सिग्नल उभारले! सांगा मला, रूळ नाहीत, गाडी खोक्यात, आणि सात सिग्नल लालभडक डोळे करून उभे... माझ्या डायनिंग टेबलावर!

पोरगी विचारते, "पापा, ट्रेन कब चलेगी?" आम्ही मराठीत बोलायचं आणि तिनं हिंदीत उत्तर द्यायचं, इथे हिंदी मुलखात, इंदिरा नगरात वाढलेली ना ती! हा म्हणतो, "बाळा, चालवता कुणालाही येते. थांबवता आली पाहिजे." अरे, पण आधी सुटू तर दे तिला!

मग काय, डोंगर हवा. डोंगराला हिरवळ हवी. निघाले दोघं अमीनाबादच्या कापडबाजारात, हिरवी मखमल आणायला, आणि मागोमाग मी, म्हटलं एक ब्लाउजपीस तरी घेईन. दुकानदार अदबीनं विचारतोय, "साहब, शेरवानी सिलवानी है?" "नहीं, पहाड़." "जी?" "पहाड़ बनाना है." बिचारा एकामागून एक तागे उलगडतोय, आणि हा मखमल उजेडात धरून म्हणतोय, "ये गेहूँ वाला हरा है, हमें बरसात के बाद वाला चाहिए." दुकानदारानं हात जोडले हो! "हुज़ूर, कपड़ा मौसम पूछ के नहीं बनता." तीन तास गेले. माझा ब्लाउजपीस राहिला, आणि बरसातीनंतरचा डोंगर उभा राहिला कुठे? माझ्या डायनिंग टेबलावर!

बरं, हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण मधे आली बदली. स्वरदाची जिवाभावाची मैत्रीण, उत्कर्षा. छावणीत राहायची, वडील मेजर, आपल्याच साताऱ्याकडचे. पहिलीपासून दोघी एका बाकावर. स्वरदानं तिला शब्द दिलेला, "पहली बार गाड़ी तू चलाएगी." आणि मेजरसाहेबांना ऑर्डर आली जोरहाटची! सोमवारी सकाळी निघायचं, म्हणजे हातात राहिला एक रविवार. पोरगी जेवेना. बापासमोर जाऊन उभी राहिली आणि चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, रविवारी गाडी चालू दे ना." मला भरूनच आलं. हाही चष्मा पुसत म्हणाला, "चालेल. शब्द."

आणि खरंच, आठवडाभर ऑफिसातून आला की टेबलाखाली! रूळ बसले, बोगदा झाला, स्टेशनावर पाटी लागली, हिंदी, इंग्रजी, उर्दू, तिन्हींत: उत्कर्षा हॉल्ट. रविवारी चार वाजता मेजरसाहेब आले, त्यांच्या अनघावहिनी आल्या, उत्कर्षा तर नवा फ्रॉक घालून आली. मी पोहे केले, कढई एक मिनिट, एकच मिनिट, कोपऱ्यावर टेकवली. उत्कर्षानं बटण दाबलं...

सात सिग्नल लाल. परत दाबलं. लाल! इंजिन ढिम्म. धैर्यशील टॉर्च घेऊन टेबलाखाली. अर्ध्या तासानं खालून आवाज येतो, "वा!" मी म्हटलं, "सापडलं?" "नाही, पण कुठेतरी बिघाड आहे." "मग वा कसलं?" "अगं, बिघाड असला की सगळं लाल व्हायला हवं, आणि झालं! सिस्टीम अगदी बिनचूक आहे!" आता याला काय म्हणावं?

उत्कर्षाचे डोळे भरले. मेजरसाहेब घड्याळ बघतायत, सामान बांधायचं राहिलेलं. पण स्वरदा रडली नाही हो. वहीचं पान फाडलं आणि लिहायला बसली. तिचा बाबा जेवताना रेल्वेशिवाय दुसरं बोलतो काय? सिग्नल बिघडला की स्टेशनमास्तर ड्रायव्हरला कागद लिहून देतो आणि त्या कागदावर गाडी लालमधून हळू नेता येते, हे तिनं वरणभाताबरोबर शंभरदा गिळलेलं. तिनं लिहिलं: "सिग्नल ख़राब है. ड्राइवर उत्कर्षा को लाल पार करने की इजाज़त है. धीरे जाना. स्टेशन मास्टर स्वरदा."

उत्कर्षा म्हणाली, "पर करंट तो है नहीं." ही म्हणते, "तो धक्का दे!"

सगळे धैर्यशीलकडे बघायला लागले. अहो, भर दुपारी रिकाम्या चौकात लाल दिव्याला स्कूटर घेऊन एकटा उभा राहणारा माणूस हा! बाहेर आला, डोक्याला जळमट, कागद दोनदा वाचला आणि म्हणतो, "यावर वेळ नाही लिहिलेली." लाटणंच घालणार होते मी! स्वरदानं मुकाट्यानं लिहिलं, चार बेचाळीस. मग त्यानं उरलेला मखमलीचा तुकडा उचलला आणि झेंड्यासारखा हलवला. हिरवा!

उत्कर्षानं इंजिनाला एक बोट लावलं. तोंडानं कूऽऽ केलं. गाडी निघाली. बोगद्यातून, बरसातीनंतरच्या डोंगराला वळसा घालून, सात लाल सिग्नल ओलांडून आपल्या नावाच्या स्टेशनात येऊन थांबली. मेजरसाहेब छुकछुक करत होते. मी रडले, लपवत नाही. जाताना उत्कर्षानं तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

मंगळवारी बिघाड सापडला. एका रुळाचे दोन रूळ जिथे होतात त्या सांध्याच्या फटीत, मोहरीचा एक दाणा! फट मिटेना, म्हणून सगळं लाल! माझ्या पोह्यांतला! झाली चौकशी सुरू. "सुचित्रा, कढई किती वाजता ठेवलीस?" नवरा माझा जबाब लिहून घेतोय, माझ्या डायनिंग टेबलावर! दाणा काढला, सातही हिरवे. मी म्हटलं, चला, आता चालवा एकदाची आणि उचला. तर स्टेशनमास्तर म्हणते, "नहीं मम्मी, ड्राइवर बाहर है. दिवाली में आएगी." बाप म्हणतो, "बरोबर आहे, ड्रायव्हरशिवाय गाडी सुटत नाही."

काल म्हटलं, निदान कोपरा तरी द्या मला. तर मिळाला ना कागद! हा बघा, वेळ घालून, सहीनिशी: "मम्मी को एक कटोरी रखने की इजाज़त है. धीरे रखना. राई मना है."

तेव्हा बसा, मांडी घाला, वरण घ्या. फोडणी घातलेली नाही, दिवाळीपर्यंत असंच मिळेल.