पावाची शिडी

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं बाई, बेनिता! मीच गं, हिलारिया!… ओळखलं का म्हणून काय विचारतेस? आठवीपर्यंत एका बाकावर बसलोय आपण!

…छे, कसली कामात! पीठ मळतेय. हात बरबटलेत, फोन खांद्यात धरलाय… हो ना, परवा पितरांचा सण, गेलेली माणसं घरी यायची. अख्ख्या ओरुरो शहरात भट्ट्या पेटल्यात.

इस्पितळात गोळ्या घेतेस ना?… आणि ते आवाज?… लांबून येतात? बरं, लांबच राहू देत मेले.

…आठवतंय की! पावाच्या बाळाचं बारसं! आपल्या वर्गातला रुफिनो पाद्री झाला होता, आजीचा काळा परकर गळ्यात घालून! आणि तू बाळाची आई, पण तुला कुठला धीर? बारशाआधीच नाक खाल्लंस त्याचं!… हो, मी धर्माची आई. तेव्हापासून आपण कोमाद्रे… हसतेस? किती वर्षांनी अशी हसलीस गं!

…नाही, राग नाही. अगं ऐक ना. माझ्या पावात विष आहे म्हणालीस, काचा फोडल्यास, ते दुखणं होतं. पण इस्पितळाच्या गाडीत तुला हात धरून मीच बसवलं. त्याचं मला रोज वाईट वाटतं.

…आत्ता? आत्ता शिडी वळतेय. तुमच्याच घरची. तुझ्या भावानंच सांगितली, सिप्रियानोनं…

काय?… नाही, म्हणजे… तुझ्या बाबांसाठी गं. वरून उतरायला, परत चढायला… हो… हो, नव्यानं गेलेल्यालाच करतात. तीनच वर्षं… हो. बाबांची तीन वर्षं आपण सहावीत असतानाच संपली.

बेनिता?… आहेस ना?

हो गं. आई.

…जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात. झोपेतच. थंडी फार होती यंदा… होते, मी जवळ होते. आदल्या दिवशी मला म्हणाली, बेनिताचा निळा स्वेटर उसवलाय, तेवढा नीट करून पाठव… तुझा भाऊ म्हणाला, तिला सांगू नका, पुन्हा बिनसेल. मीही मान डोलावली. चुकलं माझं, कोमाद्रे. तुझी आई, आणि तुलाच पत्ता नाही.

…रड. रड बाई.

कोण ओरडतंय तिथे? नर्स?… दे तिला फोन… बाई, सुई-बिई काही नको हो! काही बिघडलेलं नाही तिचं. आई गेलीये तिची, आज कळलंय. तुम्ही नसता का रडला?… द्या तिला परत.

हं, बोल… सात पायऱ्या केल्यात. का गं?… आईचे गुडघे?… अगं हो! चौकातलं देऊळसुद्धा चढवत नव्हतं तिला. माझ्या लक्षातच नाही आलं.

थांब, मोडते ही. पीठ ओलंच आहे अजून… हं. पायऱ्या जवळ जवळ घालते. बोटभर अंतर?… अजून कमी? बरं, हे बघ, ही पहिली… ही दुसरी…

हॅलो?… बेनिता, एवढी चढेल का गं ती?… हॅलो?