मास्तरांची जुनी गाडी

गॅरेजच्या पार्टिशनमागे मास्तर आपल्या नव्या गाडीची वाट बघत बसले होते. पलीकडे, परवाच एका जुन्या विद्यार्थिनीला विकलेल्या त्यांच्या गाडीचा रेडिएटर रिकामा होत होता.

“ताई, हे बघा. नुसता गंज! कूलंटचा थेंब नाही, वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलंय.”

“असं कसं? महिन्यापूर्वीच कूलंट बदललंय म्हणाले मास्तर.”

“म्हणायला काय जातंय!”

“तोंड सांभाळा, दादा. मला शिकवलंय त्यांनी. त्यांनाच कुणीतरी गंडवलं असणार.”

“बरं बाई. दोन-तीनदा धुऊन नवं भरतो. पण त्यांच्या कानावर तरी घाला.”

“नको. फार जिवाला लावून घेतील.”

मास्तरांनी घशाशी आलेला खोकला दाबून धरला.

तेवढ्यात दारातून दुसरा मेकॅनिक ओरडला, “मास्तर, गाडी झाली तुमची. या बाहेर!”