नऊ डोकी रजेवर

रावण वाचला, मंडळी!

...काय? कोण म्हणालं? मी? छे! मी तर अजून घसा साफ करतोय. पखवाजवाले, तुम्ही ऐकलंत का काही? बघा, त्यांनी मी आलोय हेसुद्धा ऐकलेलं नाही. तेव्हा कोणी काही बोललेलं नाही, आणि रावणाचं जे व्हायचं ते अजून व्हायचंय.

आधी प्रश्न. छाती बरी झाली, म्हणजे माणूस बरा झाला का? लगेच माना हलवू नका! मागचे काका, तुम्ही तर प्रश्नाच्या आधीपासून हलवताय — तिला डुलकी म्हणतात.

ऐका तर!

बोरपाडा नावाचं डोंगरातलं गाव. तिथे दरसाल बोहाडा होतो — देवादिकांचे मुखवटे चढवायचे आणि संबळाच्या ठेक्यावर गावभर सोंगं नाचवायची. त्यात रावण कोण? लहानू! बापाकडून आलेला मान. दहा तोंडांचा लाकडी मुखवटा डोक्यावर घेऊन तो नाचायला लागला, की पोरं आयांच्या आड आणि आया पोरांच्या आड!

तर या लहानूला हार्ट अटॅक आला. चक्क रावणाला! शहरात नेलं, तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी केली, घरी पाठवलं. निघताना मोठे डॉक्टर म्हणाले, "काळजी घ्या."

लहानूनं घेतली!

हसताय काय? माणूस आज्ञाधारक. घ्या म्हणाले, घेतली — घरी आणली, उशाशी ठेवली. मग गाव भेटायला आलं. प्रत्येकाच्या हातात केळी, आणि तोंडात एक मेलेला माणूस!

"आमच्या मेव्हण्याचं अस्संच झालं होतं, लहानूदादा."

"मग?"

"गेला. तुम्ही काळजी घ्या हां!"

तीही घेतली. दुसऱ्याचा मामा अंघोळ करताना गेला होता — लहानूनं अंघोळ सोडली. तिसऱ्याचा साडू हसता हसता गेला होता — हसणं सोडलं. चौथ्याचा चुलता गोळी घेऊन झोपला तो उठलाच नाही — लहानूनं गोळ्या सोडल्या! आता मात्र हसू नका, मंडळी. काळजाच्या गोळ्या सोडणं म्हणजे खेळ नव्हे. चुलत्याच्या वाटेनं हाही निघाला होता.

तोंड भिंतीकडे. जेवण नाही, झोप नाही. ध्यान इतकं हरवलं, की शेळीला म्हणायचा, "चांगुणा, ये गं," आणि चांगुणा — म्हणजे त्याची बायको — जवळ आली की, "हड्!" चांगुणेला नवऱ्याचा राग नाही आला. शेळीचा आला. ती ओ द्यायची ना!

शेवटी चांगुणेनं त्याला हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे खैरनारबाई डॉक्टर. चांगुणेनं मेव्हण्यापासून चुलत्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. त्यांनी छाती तपासली.

"दुखतं?"

"नाही."

"धाप लागते?"

"नाही."

"मन कसं आहे?"

आख्खं गाव येऊन गेलं, केळी खाऊन गेलं — हो, आणलेली त्यांनीच खाल्ली! — पण हे कोणी विचारलं नव्हतं.

"रडू येतं का?" बाई म्हणाल्या.

"रावण रडत नसतो, बाई."

"रावण नाचवता तुम्ही? बरं, डोकी किती?"

"दहा."

"आणि काळीज?"

लहानूनं आयुष्यभर रावण नाचवला, पण हा हिशेब कधी मांडलाच नव्हता. "...एकच की हो!"

"त्या एकट्यानं दहा डोकी पोसायची? मेव्हण्याचं एक, मामाचं एक, साडूचं एक... मुखवटा तर आत्ता डोक्यावर नाही, मग ही कुठून आणलीत?"

आणि रावण रडला, मंडळी! भोकाड पसरून! बाहेरच्या रांगेतली लोकं म्हणाली, इंजेक्शन मोठं दिसतंय.

बाईंनी चांगुणेला समजावलं, "काळीज आणि मन शेजारी-शेजारी राहतात, मधे कुडाची भिंत. एकाकडे भांडण झालं की दुसऱ्याची झोप गेली. मन खचलं की माणूस गोळ्या सोडतो, चालणं सोडतो, काळीज आणखी बिघडतं. गोळ्या आजपासून सुरू. आणि मनाच्या डॉक्टरांनाही दाखवा."

"म्हणजे... वेड लागलं का यांना?"

"पाय मोडला की हाडाच्या डॉक्टरकडे जाता, तेव्हा लोक काय म्हणतात?"

"पडला म्हणतात."

"हेही पडलेत. आतल्या आत. मी काळजी घ्यायला सांगतेय, करायला नाही."

चांगुणा म्हणाली, "मग दोन्ही काळज्यांना वेगळी नावं ठेवायची की!"

 

मग मनाचे डॉक्टर झाले, काळजाच्या गोळ्या परत सुरू झाल्या, तंबाखू सुटली. रोज सकाळी लहानू शेळीला घेऊन फिरायला — की शेळी लहानूला, ते मला विचारू नका. आणि दारात चांगुणा! पाहुणा आला, की, "मेव्हणा चपलांशेजारी ठेवा, मग आत या!"

बोहाडा आला. बाईंचा हुकूम — नाचा, पण हळू; आणि जड मुखवटा अजिबात नाही. गावात खळबळ! एका डोक्याचा रावण कोण ओळखणार? संबळ सुरू झाला, आणि लहानू आला — स्वतःचं एकच डोकं, तेही तेल लावून विंचरलेलं. हात वर केला अन् गरजला,

"बाकीची नऊ वैद्यकीय रजेवर आहेत!"

गाव लोळलं! पुढे प्रसंग युद्धाचा. राम झाला होता सरपंचांचा भाचा. त्यानं बाण लावला... आणि तसाच थांबला.

"मार की!" लहानू कुजबुजला.

"कसा मारू, मामा? बरोबर काळजालाच लागायचा." धनुष्य खाली आलं. "मन कसं आहे आता?"

लहानूचे डोळे भरले. "विचारलंस ना. आता बरं आहे. मार."

"नाही मारत जा!"

संबळवाला थांबला. वानरसेना लंकेच्या बाजूला जाऊन बसली. आणि बोरपाड्यात त्या साली — मी मघाशी बोललो नव्हतो, ते आता बोलतो — रावण वाचला!

आता तुमच्याकडे वळतो. तुमच्यापैकी किती जणांच्या खिशात आत्ता एकेक मेव्हणा आहे? हात वर नका करू, चेहऱ्यांवर दिसतंय.

सबब, समस्त श्रोतृवृंदास नम्र विनंती करण्यात येते की, यापुढे आजाऱ्याच्या भेटीस जाताना प्रत्येकाने आपापले मयत नातेवाईक घरीच ठेवावेत, प्रथम "मन कसं आहे?" असे विचारावे, आणि आजाऱ्याचे उत्तर संपेपर्यंत स्वतः गप्प बसावे.