चोर ठेवून गेला ती नाणी

पुरवणी जबाब

नाव: पहिल्या जबाबात आहे तेच. गल्लीत सगळे गादीवाले म्हणतात, त्या नावाने विचारलं की घर सापडतं. वय: चौऱ्याहत्तर, दाखल्यावर एक वर्ष कमी आहे. शिक्षण: तिसरी. धंदा: गाद्या-उशा भरणे व शिवणे, हल्ली डोळ्यांमुळे बंद. राहणार: सरकारी दवाखान्याच्या मागची दुमजली इमारत, तळमजला, जिन्याखालचं दार.

मला कोणी बोलावलेलं नाही. मी आपण होऊन ठाण्यात हजर राहून समक्ष सांगतो की,

मी वरील ठिकाणी पत्नीसह राहतो. मुलगा, सून आणि नात दुसऱ्या शहरात असतात. मागच्या मंगळवारी दुपारी आमच्या घरी चोरी झाली. तिचा जबाब मी त्याच दिवशी इथे दिला. त्यात एक गोष्ट मी खोटी सांगितली. त्यामुळे आमच्याकडे पार्सलं आणणाऱ्या माणसाला आपण परवा पकडून आणलं आहे. त्याचा चोरीशी काही संबंध नाही. हे सगळ्यात आधी लिहून घ्या अशी मी विनंती केली, कारण माझं बोलणं लांबतं आणि मुद्दा राहून जातो असं पत्नी म्हणते.

चोरीला गेली म्हणून लिहिलेली नाणी आम्ही टीव्हीवरून घेतलेली होती. पत्नीचे गुडघे धरल्यापासून ती दुपारी टीव्हीसमोर बसायची. एका चॅनलवर दिवसभर वस्तू विकतात. त्यावर एकदा सोन्याचा मुलामा दिलेल्या नाण्यांचा संच दाखवत होते, प्रत्येक नाण्यावर एक रंगीत पक्षी. कोट घातलेला विकणारा म्हणत होता की अशी नाणी पुन्हा निघणार नाहीत, काही वर्षांत किंमत दहापट होईल, आणि आई, नातवंडांसाठी याहून चांगलं काय मागे ठेवाल? बाजूला किती संच उरले त्याचा आकडा उतरत होता. पत्नी ओरडली, "अहो, फोन लावा, सातच उरलेत!" मी म्हणालो, "अगं, चष्मा कुठंय माझा?" ती म्हणाली, "तुमचा चष्मा सापडेपर्यंत दोन राहतील." फोन मीच लावला. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर बोलणी फक्त तिला बसली.

आमच्याकडचं होतं नव्हतं ते सोनं मुलाच्या शिक्षणात गेलं. त्याबद्दल तक्रार नाही. पण नातीच्या हातात ठेवायला हिच्याकडे काही उरलं नव्हतं, ते तिला लागून राहिलं होतं. पक्ष्यांच्या संचानंतर जहाजांचा घेतला, मग फुलांचा. हप्त्याने घेतले. एकूण किती गेले ते पहिल्या जबाबात आहे, पुन्हा सांगायला लावू नये.

तिन्ही पार्सलं त्याच माणसाने आणली. पत्नी त्याला बसवून पाणी द्यायची आणि त्याच्यासमोर डबा उघडायची. तो म्हणायचा, "आजी, उद्या मोठ्या गाडीतून जाताना आम्हाला ओळख तरी द्याल ना?" ती म्हणायची, "गाडी तूच चालव, परका माणूस नको."

गेल्या सुट्टीत मुलगा आला तेव्हा तिने तिन्ही डबे त्याच्यापुढे मांडले. त्याने जुनी नाणी घेणाऱ्या एका दुकानदाराला फोनवरून फोटो पाठवले. दुकानदाराचं उत्तर त्याने मोठ्याने वाचलं. उत्तर एवढंच होतं की, डबे चांगले आहेत. सून हसू आवरत आत गेली. मुलगा म्हणाला, "आई, खेळण्यातली नाणी आहेत ही. तू पण ना." डबे पत्नीने कपाटात खाली, रजयांच्या तळाशी ठेवले. त्या दिवसापासून टीव्हीवर कापड टाकलेलं आहे. मुलाचा फोन आला की "बरं आहे" म्हणून ती माझ्या हातात द्यायची.

आता मंगळवारचं सांगतो. पत्नीचे गुडघे दाखवायला आम्ही दवाखान्यात गेलो होतो. परत आलो तर कुलूप तुटलेलं. ती बाहेर जिन्याच्या पायरीवर बसली, मी एकटा आत गेलो. कपाट उघडं होतं. रजया खाली टाकलेल्या. मिक्सर, इस्त्री, पत्नीची लोकरी शाल आणि माझी छत्री एवढं गेलं होतं. छत्रीची एक काडी मोडलेली होती, तरी ती नेली.

नाणी नेलेली नव्हती. तिन्ही डबे पलंगावर उघडे होते आणि नाणी चादरीवर ओतलेली होती. खंड्या पक्ष्याच्या नाण्यावर टोकदार काहीतरी घासलेलं दिसलं. तिथला पिवळा रंग निघून आतून डब्याच्या झाकणासारखा पांढरा पत्रा दिसत होता. म्हणजे चोराने बघितलं, घासलं आणि ठेवून गेला.

बाहेरून पत्नी विचारत होती, "अहो, काय काय गेलं? नाणी आहेत ना?"

मी म्हणालो, "गेली."

असं का म्हणालात म्हणून साहेबांनी दोनदा विचारलं. मला सांगता येत नाही. नाणी पलंगावर पडली होती आणि छत्री गेली होती, एवढंच सांगता येतं.

त्यानंतर मी माझी उशी उसवली. सुई-दोरा माझा नेहमी उशाशीच असतो. नाणी आत कापसात ढकलली, वरवर टाके घातले, डबे पोत्यात भरून मागच्या खिडकीबाहेर टाकले आणि मग तिला आत घेतलं. पोतं दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या गाडीत दिलं.

पत्नी आत आली. कपाटाचा तळ बघितला आणि पलंगावर बसली. मला वाटलं रडेल. पण ती म्हणाली, "बघितलंत? चोराला तरी किंमत कळली."

मग तिने आपणहून मुलाला फोन लावला. किती महिन्यांनी लावला ते लिहू नका. तिने त्याला सांगितलं की चोर सरळ नाण्यांवरच गेला, टाकाऊ माल असता तर रजया उपसल्या असत्या का? मुलगा म्हणाला, "आई, माझं चुकलं. मी तसं बोलायला नको होतं." फोन मोठ्या आवाजावर होता, मी ऐकलं. त्या रात्री ती पोटभर जेवली. टीव्हीवरचं कापड काढून धुतलं.

पहिल्या जबाबाच्या वेळी साहेब म्हणाले होते, रजयांच्या तळाशी काय आहे ते परक्याला कसं कळणार? हे माहितगाराचं काम. घरी कोण येतं-जातं? मी म्हणालो, पार्सलवाला येतो. त्याने चोरी केली असं मी म्हणालो नाही. फक्त येतो म्हणालो.

काल सकाळी त्याची बायको आमच्या दारात आली. कडेवर लहान मुलगी होती. तिने आरडाओरडा केला नाही. पत्नीला म्हणाली, "आजी, यांना पाणी देणाऱ्या तुम्हीच ना? घरी येऊन सांगायचे ते. मग तुम्हीच सांगा, हे असं करतील का?" पत्नीने मुलीला जवळ घेतलं. ती गेल्यावर पत्नी मला म्हणाली, "तो नाही हो घेणार. तुम्ही काहीतरी करा."

ती "आपण" म्हणाली नाही, "तुम्ही" म्हणाली. ते माझ्या मनात राहिलं.

आज सकाळी मी ठाण्यात निघालो तर तीही चप्पल घालून उभी. गुडघ्यांचं काय म्हणून विचारलं, तर म्हणाली, "गुडघे घरी ठेवून येते." उशी मी पिशवीत घातली होती, पण ती वरून दिसत होती. उशी कशाला असं तिने विचारलं तर पाठ दुखते, ठाण्यातला बाक कडक असतो, असं सांगायचं मी ठरवलं होतं. तिने विचारलंच नाही.

इथे एक सांगायला हवं. धंदा चालू होता तोवर आमच्या सगळ्या उशा पत्नीनेच भरल्या. उशी एका हाताने उचलून ती सांगायची की यात मूठभर कापूस कमी आहे. मी उसवून बघायचो, तर मूठभरच कमी निघायचा. आमचं अंथरूण रोज तीच घालते आणि तीच काढते.

कोपऱ्यावर पिशवी माझ्या हातून घसरायला लागली तेव्हा ती म्हणाली, "दोन्ही हातांनी धरा. जड आहे."

मी दोन्ही हातांनी धरली.

उशी हवालदार बाईंनी माझ्यासमोर उसवली. नाणी सगळी निघाली. घासलेलं नाणं वेगळ्या पाकिटात घातलं, ते मी ओळखलं. नाणी आता ठाण्यात ठेवावी लागतील असं साहेबांनी सांगितलं. मी हरकत घेतली नाही. खोट्या जबाबाबद्दल मला कोर्टात उभं राहावं लागेल का, आणि तिथे रक्तदाबाच्या गोळ्या जवळ ठेवता येतात का, हे मी विचारलं. साहेबांनी नंतर सांगतो म्हटलं.

पार्सलवाल्याला सोडावं. त्याची दोन दिवसांची मजुरी बुडाली, ती मी भरून देईन. मुलाला यातलं काही कळवू नये.

पत्नीला काही कळू देऊ नका, अशीही विनंती करायची म्हणून मी घरून निघालो होतो. आता ती करायची की नाही ते मला कळत नाही. ती बाहेर बाकावर बसली आहे. पार्सलवाला सुटला की तिच्यासमोरूनच जाईल.

उशी मला परत मिळावी. सुई-दोरा आणला आहे, इथेच शिवून नेतो. ती हलकी झाली हे तिला कळेलच.

वरचा सगळा मजकूर हवालदार बाईंनी मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. खोलीचं दार लागत नसल्याने मी हळू आवाजात वाचायला सांगितलं, त्यांनी तसाच वाचला. वाचताना मध्येच पत्नीने बाहेरून विचारलं, "झालं का हो?" मी "होत आलं" म्हणालो. तीही नोंद घेतली असून ती बरोबर आहे.

सही, गादीवाले