पुढे आलेली बाई

आई : अगं, तुझाच आवाज होता! ‘मागे सरा, मागे सरा.’ पोटच्या पोरीचा आवाज मला कळणार नाही होय?

मुलगी : म्हणून तू पुढे गेलीस?

आई : मग काय करू? भाजी घेऊन येत होते, तर चौकात हा मोर्चा. सगळे मागे पळतायत आणि तू एकटी तिकडे ओरडतेयस. पिशवी टाकली आणि धावले.

मुलगी : अगं आई गं... ती मी नव्हते. आमचा रोबो होता. पोलिसांसाठी बनवलाय, गर्दी आवरायला. चाचणीपुरता माझा आवाज भरला होता. बदलायचा राहूनच गेला.

आई : तो ठोकळा तुझा? मला वाटलं, कपाटच अंगावर आलं.

मुलगी : थट्टा कसली करतेस! हात मोडलाय तुझा!

फौजदार : ताई, हळू. दवाखाना आहे. आवाज बदला, मिटलं. उद्या मैदानावर सामना आहे, आम्हाला यंत्रं हवीच आहेत.

मुलगी : आवाजानं नाही ढकललं तिला, साहेब! सगळे मागे जाताना जो पुढे येईल तो हल्लेखोर, हे मीच शिकवलंय त्याला. चाचणीत आमच्याच ऑफिसची माणसं गर्दी झाली होती. पुढे यायची ती फक्त दगड मारायचं सोंग घेतलेली. कोणी कोणाला शोधत पुढे येईल, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. एकाच्याही!

फौजदार : हं. बाई, जबाब घ्यायचाय. कशानं पडलात?

आई : पाय घसरला, लिहा.

मुलगी : आई!

आई : तू गप्प बस. चप्पल झिजली होती, साहेब. म्हातारं माणूस, पडायचंच.

फौजदार : तसं असेल तर माझंही काम सोपं होतं.

मुलगी : नाही! यंत्रानं ढकललं, असं लिहा. आणि त्याला शिकवणारी मी, तेही लिहा.

आई : वेड लागलंय का? नोकरीवर पाणी सोडशील!

मुलगी : गेली तर जाऊ दे. उद्या त्या मैदानावर एखादीचं पोर हरवलं, तर ती मागे सरेल का गं? तू सरलीस?

(फौजदार पेन उघडून आईकडे बघतो.)

फौजदार : बाई, काय लिहू मग?

आई : ती म्हणते तसं लिहा. पण सावकाश लिहा, साहेब. तिचं रडून होऊ दे.