कानात गेलेलं नाव

माझं नाव धोंडाबाई. हसा, हसा, सगळीच हसतेत. सोलापूरला विणकरांच्या वस्तीत आमचं घर, माझ्या आधीची लेकरं एकामागं एक गेली, म्हणून मी झाले तवा आईनं धोंडा नाव ठिवलं, मरणाला वाटावं दगड हाय, त्यानं हात लावू नये. आन बगा, न्हाईच लावला. आता नातीच्या नावावरनं विहिणीशी माझं भांडण झालं, तेच सांगते, लिहून घ्या.

लेकीच्या बाळंतपणाला मी हितं आयर्लंडात आले, ड्रोहेडा गाव, लेक हितल्या दवाखान्यात डॉक्टर. शेजारी नोरा, नव्वदीची म्हातारी, त्याच घरात जल्मलेली. रोज यायची, नातीला मांडीवर घ्यायची, ग्रँड, ग्रँड म्हणायची, म्हंजी हितल्या बोलीत झकास. मला तिचं कळंना, तिला माझं, लेक मधी बसून सांगायची. नोरा म्हणाली, मी ल्हान असताना ह्या गल्लीत दर घरात पाळणा हलायचा आन दर घरातनं मयताची ल्हानी पेटी बी निघायची, माझी थोरली बहीण नोरा तान्हीच गेली, मग मी झाले तर आईनं तेच नाव मला दिलं. मी म्हटलं, अगं बाई, माझ्या आईनं मरणाला फसवलं, तुझ्या आईनं तर त्याच्या हातनं नाव हिसकावून आणलं. लेकीनं सांगितलं तशी म्हातारी हसत सुटली, माझा हात सोडंना.

बारशाच्या आदल्या दिवशी नोरा गेली. काय सांगू तुम्हाला, हितं मयत घरातच ठिवतेत, बैठकीच्या खोलीत, सगळी गल्ली येती, चहा पितेत, हसतेत बी. पुण्याहून विहीणबाईंचा फोन, मयताच्या घरी पाय ठेवू नका, घरात ओली बाळंतीण आहे, बारसं पुढं ढकला. मी म्हटलं, विहीणबाई, माझ्या नातीला रोज मांडीवर घेणारी बाई तिथं निजलीया आन मी दार लावून बसू? गेले. तिच्या कपाळावर हात ठिवला, रडले, त्यांचा चहा प्याले, घरी येऊन डोक्यावरनं न्हाले. झालं.

दुसऱ्या दिवशी बारसं केलंच. नाव सांगायचं आत्यानं, ती पुण्यात, जावईबापू फोन धरून उभे, आता फोन काय कानात कुर्र करणार? मीच वाकले. ठरलं हुतं आर्या. मी मोठ्यानं सांगितलं, नोरा. लेकीनं डोळं पुसलं. फोनातनं विहीणबाई कडाडल्या, मेलेल्या बाईचं नाव लेकराला? म्हटलं, व्हय, तिचंच, त्या नावानं एक मरण आधीच पचवलंय.

विहीणबाई अजून माझ्याशी बोलत न्हाईत. नका बोलू. कागदावर आर्या हाय, असू दे, माझी ना न्हाई. पण कानात गेलंय ते कोण काढतंय? आता मान धरती, नोरा म्हटलं की वळून बगती. जग माझी बाई, दात पडून म्हातारी हो.