नलिनीला कुठली गोळी मिळत होती?

मंडळी, आज सकाळी नलिनीच्या यजमानांना, माधवरावांना फोन आला होता. नलिनी ज्या औषधाच्या स्टडीत होती, तिथल्या डॉक्टरांचा. नलिनीची गोळी खरी होती की औषध नसलेली, नुसती तशी दिसणारी, हे त्यांनाही माहीत नाही, असं त्यांनी स्वतः सांगितलं. स्टडी पूर्ण होईपर्यंत ते कुणालाच कळत नाही.

हे आधी सांगितलं, कारण तुमच्यापैकी बरेचजण तेच विचारत होते. आणि खरं सांगू? बातमी देणं त्यातल्या त्यात सोपं. नलिनीबद्दल बोलणं जड जातंय.

एवढ्या बर्फात गाड्या काढून तुम्ही आलात. हॉलमध्ये खुर्ची उरली नाही. ती असती तर दारातच म्हणाली असती, "जेवून जायचं हं बाप्पा सगळ्यांनी." नागपूर सोडून इतकी वर्षं झाली, तरी तिचा 'बाप्पा' सुटला नाही.

तिचं हृदय अशक्त झालं होतं. डॉक्टरांनी नव्या गोळीच्या स्टडीबद्दल विचारलं, तेव्हा मी सोबत होते. डॉक्टर बोलत होते, नलिनी मान डोलावत होती. पार्किंग लॉटमध्ये मी विचारलं, "काय कळलं?"

"काहीच नाही. पण किती प्रेमानं सांगत होते गं! डॉक्टरांना नाही कसं म्हणायचं?"

आपण सगळे असेच ना? डॉक्टरांसमोर माना हलवणारे?

आम्ही परत आत गेलो. या वेळी तिनं विचारलं, "नाही म्हटलं तर मला तपासणं बंद कराल का?" डॉक्टर म्हणाले, अजिबात नाही. आज नाही म्हणा, उद्या मध्येच सोडा, नेहमीचे उपचार तसेच चालतील. "मग या गोळीनं मी बरी होईन?" ते म्हणाले, ठाऊक नाही. ठाऊक असतं तर स्टडी कशाला केली असती? त्रासही होऊ शकतो. घरी जा, विचार करा.

तिनं विचार केला. मग हो म्हणाली. ते हो तिचं होतं.

आता हसा थोडं, तिला आवडेल. गोळी जेवणाबरोबर घ्यायची होती आणि नलिनीची संकष्टी कधी चुकली नाही. उपासाला सकाळची गोळी राहायची. उरलेल्या गोळ्या नर्सला परत द्यायच्या असतात, तर या बाईनं त्या कचऱ्यात टाकल्या! का? "ती पोरगी एवढ्या आपुलकीनं फोन करते, तिला वाईट वाटेल."

लेकीनं, अमृतानं, ते पाहिलं. "आई, दे नीड द ट्रुथ, नॉट युअर मॅनर्स!"

"माझ्या मॅनर्सवरच मोठी झालीस तू."

पण नलिनीनं नर्सला फोन केला. स्टडीतून काढतील म्हणून घाबरली होती. नर्स रागावली नाही. म्हणाली, गोळी चुकली हे तुम्ही लपवलंत, तर औषधाबद्दल आम्ही चुकीचंच शिकू. उपास, काढा, चूर्ण, सगळं सांगा. मग पुण्याहून आलेलं गुळवेलीचं चूर्णही बाहेर निघालं. "ते काय औषध आहे? घरचंच तर आहे," म्हणत होती. डॉक्टरांना विचारून उपासाच्या दिवशीच्या गोळीची वेळही ठरली.

माझी खिडकी पूर्वेला आहे. दर संकष्टीला तिचा फोन यायचा. "निघाला का गं चंद्र?" "ढग आहेत." "मग जेवू की नको?" परवा संकष्टी झाली. आभाळ अगदी मोकळं होतं. चंद्र निघाला. फोन हातात धरून मी उभी राहिले. कुणाला सांगू?

माधवराव, तुम्ही मला विचारलंत, गोळी खोटी असेल तर तिचे शेवटचे महिने आपण फुकट घालवले का? तिची नेहमीची औषधं कधी थांबली नव्हती. स्टडीची गोळी त्यांच्या जोडीला होती. खोटी मिळू शकते, हे तिला माहीत होतं. मला म्हणाली होती, "मला नाही लागू पडली, तर दुसऱ्या कुणाला पडते का ते तरी कळेल." तरी तुमचं मन विचारत राहणार. माझंही राहतं. ती हवी होती, एवढंच त्याच्या मुळाशी आहे.

स्टडी संपल्यावर गोळी कुठली होती ते कळवू, असं डॉक्टर म्हणाले आहेत. त्याला वेळ लागेल. त्याआधी, येत्या गुरुवारी, आपल्या शरयूकाकू मधुमेहाच्या एका स्टडीची माहिती घ्यायला जाणार आहेत. मगाशी चप्पल काढताना त्या मला म्हणाल्या, "मला बाई तिथं बोलायला सुचत नाही." मागून माधवराव म्हणाले, "मी येतो. कळेपर्यंत आपण दोघं विचारू."

उभे राहूया. नलिनीसाठी थोडा वेळ कुणीच काही बोलू नये.